दुनळी बंदूक आणि खिडकीजवळचं स्टूल

मित्रांनो, आधी मिळकत मोजू. त्या सकाळी चाचांच्या दुकानात अलीझाला मिळण्यासारखं होतं ते एवढंच: खिडकीजवळचं एक डुगडुगतं स्टूल, कायमची काळी नखं आणि चाचांची रोजची बोलणी. त्यासाठी सोडायची होती पुण्याच्या कारखान्यातली नोकरी, जिथे कंपनीची बस दाराशी येते. शहाणं माणूस बसमध्ये बसलं असतं. ही पोरगी मात्र त्या स्टुलाकडे पंगतीतल्या बासुंदीसारखी बघत होती.

मी एक जुनी दुनळी बंदूक आहे. खांद्याला लावलं की कुणाचं काळीज किती धडधडतं, ते मला सगळ्यांत आधी कळतं. म्हणून माणसांचा हिशेब मला जमतो. माझा दस्ता अक्रोडाचा, नळ्या पोलादी. मोर्शीजवळच्या संत्र्याच्या बागेत पीक राखायला मला आणलं, तेव्हा आजचे मालक भगवंतराव लहान होते. हवेत एक बार काढला की रानडुकरांचा कळप नाल्यापलीकडे! सोयरे आले की त्यांना आधी मला दाखवत, मग चहाचं विचारत. निवडणूक लागली की मी पोलीस ठाण्यात जमा होई. तिथे तालुक्यातल्या साऱ्या बंदुका भेटत. ते आमचं माहेरच.

पुढे माझी डावी नळी रुसली. घोडा पडे, पण बार फुसका. दोन कारागिरांनी छाती ठोकून स्प्रिंग बदलली. हिवाळा आला की पुन्हा तेच. मग मी कपाटात पडून राहिले आणि डुकरं बागेत येऊन बसली. शेवटी भगवंतरावांनी मला अमरावतीला, अय्युबमिस्त्रींच्या बंदूक दुरुस्तीच्या परवानाधारक दुकानात आणलं.

मिस्त्रींची नजर मंदावली होती. दुकान बंद करायचं त्यांनी ठरवलंच होतं. तेवढ्यात आयटीआयचा फिटर कोर्स पास झालेली त्यांची अकोल्याची पुतणी अलीझा दारात येऊन उभी राहिली.

"चाचा, दुकान बंद नका करू. मले शिकवा."

"काहून? पुण्याची नोकरी चावते का तुले?"

"तिथं दिवसभर एकच नट कसा लागते. इथं दर बंदुकीची बीमारी वेगळी!"

चाचांनी मला तिच्यापुढे ठेवलं. "मंग हे घे. संध्याकाळपर्यंत हिची बीमारी सांग. सांगितली तर स्टूल तुह्यं. नाई तर मी परवाना परत करतो, अन् तू पुण्याले जा."

"मिस्त्री," भगवंतराव कळवळले, "बंदूक हाय माही. परीक्षेचा पेपर नाही!"

"आधीच्या दोघाले तर बिनपरीक्षेचं पास केलं तुमी."

अलीझानं आधी माझ्या दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत का ते पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. चाचांच्या नजरेतून ते सुटलं नाही, पण ते मिशीतच हसले.   मग जत्रेतल्या पाळण्यात बसायला निघाल्यासारख्या तिनं बाह्या वर सारल्या.

तिनं मला उघडलं. स्प्रिंग ठणठणीत होती. पण काडतुसावर ठोका देणारी पिन लालसर गोंदात रुतलेली. तिनं नखानं खरवडून वास घेतला. अम्मीच्या जवसाच्या चटणीचाच वास!

"काका, दसऱ्याले हिची पूजा करता?"

"म्हणजे काय! आमची पार्बताबाई हळद-कुंकू वाहते, अन् वरून साऱ्या अंगाले जवसाचं तेल. नवरीसारखी चमकते!"

"लोखंडालेही तेल?"

"त्यालेच जास्त! तुह्या चाचानंच सांगतलं होतं."

मी मनात हिशेब मांडला. स्प्रिंगवर ढकललं तर स्टूल पक्कं. खरं बोललं तर चाचांचाच शब्द खोटा पडतो, मग स्टूल कसलं?

अलीझानं पिनेकडे बोट दाखवलं. "चाचा, जवसाचं तेल वाळून गोंद झाला. त्यात कुंकू बसलं अन् पिन चिकटली. तेल तुमीच सांगतलेलं हाय."

"म्या लाकडाले सांगतलं होतं!"

"मंग लाकडाले म्हणून सांगाचं ना!"

भगवंतराव खो खो हसले. "मिस्त्री, आता नापास कोणाले कराचं? पोरीले का मास्तराले?"

चाचा उठले. गळ्यातल्या रुमालानं त्यांनी स्टूल पुसलं. "बस," ते म्हणाले. "अन् पाय हलवू नको, ते डुगडुगते."

तिनं मला रॉकेलनं धुऊन काढलं, पुसलं, जोडलं. डाव्या नळीत खोटं काडतूस घालून चाप ओढला. खट्! काय तो आवाज, मित्रांनो! अलीझानं अशी उडी मारली की स्टूल आडवं झालं, आणि चाचाही तिच्याबरोबर ओरडले.

माझं एवढंच मागणं आहे. घरात माझ्यासारखी कुणी असेल तर मुलांनी तिला हात लावू नये. ती मोठ्यांच्या कुलपातच बरी. आणि मोठ्यांनो, पूजा खुशाल करा, पण वरून चमकवलं म्हणजे जपलं असं समजू नका. अधूनमधून आतही बघत जा.

आता शेवटची बेरीज. अलीझाला स्टूल मिळालं, मला डावी नळी, भगवंतरावांना बाग, आणि पार्बताबाईच्या तेलाला चटणीची वाट. भरलं फक्त चाचांनी, आणि अजून भरतायत. मी तिथून निघेपर्यंत प्रत्येक गिऱ्हाइकाला तेल सांगून झालं की ते क्षणभर थांबत, आणि खिडकीजवळून आवाज येई, "चाचा, कशाले लावाचं?"

"लाकडाले," चाचा म्हणत. "फक्त लाकडाले!"