राखेनं घासलेली पिन

सापगावात माझ्या ओट्यावरची भांडी बघून बायका आपली आत नेतात. त्या गुर्मीनंच घात केला.

सून जयश्री मुरबाडला घड्याळाचे सुटे भाग बनतात त्या कारखान्यात माल तपासते. सुईहून बारीक दांडे मायक्रोमीटरमध्ये धरायचे. माप बसलं तर ठेवायचे, नाय तर बाद. मायक्रोमीटर खरा बोलतो का, ते रोज एका पोलादी पिनेवर बघतात. तिला मास्टर म्हणतात. तिला उघडा हातसुद्धा लावायचा नाय, घरी नेणं तर लांबच.

एकदा बस सुटत होती म्हणून जयश्री मास्टर रुमालात तशीच घेऊन आली. रुमाल धुवायला घेतला तर मला ती सापडली, तेलकट, वर बोटाचा डाग. कंपनीची का असेना, माझ्या घरातून मळकी वस्तू बाहेर जात नाय. राखेनं चांगली घासली. सकाळी जयश्रीनं बघितली. मग गुपचूप नेऊन जागेवर ठेवली.

पिन दोन मायक्रॉन झिजली होती. आमच्या डोळ्याला ते कायच नाय. तिथं मात्र तिच्यावर लावलेला मायक्रोमीटर खोटं बोलायला लागला, चार दिवस चांगला माल बाद होत राहिला, आणि साहेबानं मास्टर सांभाळणाऱ्या आरतीला धरलं.

आरती आमच्याच वाडीवरची. रविवारी दारात आली. उद्या मला काढतायत, तुला काय ठाऊक असेल तर सांग, असं जयश्रीला म्हणाली. जयश्री मान खाली घालून तांदूळ निवडत राहिली. मला ते बघवलं नाय.

"गो, ती मी घासली. राखेनं."

आरती माझ्याकडं वळली. "काकी, हेच उद्या साहेबासमोर बोलाल?"

बोलले, तर पिन घरी आली कशी ते आधी विचारणार. म्हणजे सून गेली. गप्प बसले, तर आरती. जयश्रीचा हात सुपात थांबला.

"माझं वय झालं, पोरी. मी कायपण बोलते."

"तुमची जीभ उभ्या जन्मात घसरली नाय," आरती म्हणाली, आणि पायरी उतरली.

सोमवारपासून आरती कारखान्याच्या बसला दिसत नाय. जयश्री माझ्याशी कामापुरतं बोलते.

आता भाताची लावणी आली. बावीस वर्षं आमच्या खाचरात पहिली मूठ आरतीची आई लखमा लावते. दुसरीला बोलावलं तर गाव कारण विचारणार. आवणाची रोपं पिवळी पडायला लागलीत, आणि लखमाच्या दारात जाऊन काय बोलायचं ते मला सुचत नाय.