हेस्गिनच्या थांब्यावरचा हात

हेस्गिनला स्टेशन असं कधी नव्हतंच. फळ्यांचा ओटा, एक बाक, आणि मागं सगळा डोंगर. ज्याला चढायचं त्यानं हात वर करायचा. गार्डनं तो बघायचा आणि ब्रेकचं चाक फिरवायचं. हात दिसला नाही तर गाडी पुढं. दरीतल्या पोरांना पाढ्यांआधी हे यायचं.

नेस्टाचा बाप इथेल या फाट्यावरचा शेवटचा गार्ड. पाटीच्या दगडाची खाण बंद पडली, गाडी बंद पडली, रूळ काट्यांनी गिळले. मग गावातल्याच म्हाताऱ्याकोताऱ्यांनी शनिवार-रविवार फुकट राबून, तेरा वर्षांत, ते पुन्हा उघडे केले. त्रेसष्ट वर्षांनी आज पहिली गाडी वर टोकापर्यंत गेली होती. बहात्तर वर्षांची नेस्टा बापाच्या जागी, गार्डच्या डब्यात होती.

वर चहा झाला, मनुकांचा पाव झाला. गाडी परतीला निघाली.

"नेस्टाबाई, सगळे चढले का बघ!" इंजिनावरून टेगिद ओरडला. "तुमच्या घराण्याला माणसं मागं ठेवायची खोड आहे!"

लोक हसले. नेस्टानं निशाण दाखवलं, पण ती हसली नाही.

त्रेसष्ट वर्षांपूर्वी मागं राहिली होती ती टेगिदची आई, लोवरी. एका आजारी म्हातारीला बघायला डोंगरावर गेलेली, शेवटच्या गाडीनं गावात परतणार होती. गाडी बंद होण्याचा तो दिवस, अर्धं गाव गाडीत होतं, निरोपाची गाणी म्हणत:

"जा गं बाई आगगाडी, दरीच्या पल्याड,
नाव आमचं जपून ठेव, दगडाच्या आड."

कुंपणाकुंपणाशी माणसं उभी राहून हात हलवत होती. हेस्गिनलाही एक हात वर होता. गाडी थांबली नाही. बर्फ पडायला लागलं. लोवरी रुळांवरून चालत निघाली आणि दुसऱ्या दिवशी पुलाशी सापडली.

इथेलनं नंतर कधी तोंड उघडलं नाही. तो थडग्यात जाईपर्यंत टेगिदनं त्याला शिव्या घातल्या, तरी तो गप्पच. कारण त्या दिवशी गार्डच्या डब्यात नऊ वर्षांची नेस्टा होती, खिडकीशी तीच होती, आणि तीच म्हणाली होती, "बाबा, लोवरीकाकू टाटा करतेय!" बापानं तिच्या डोक्यावरून वाकून बघितलं आणि हसून हात हलवला.

हे तिला टेगिदला सांगायचं होतं. तेरा वर्षं ती त्याच्या शेजारी फावडं मारत होती, आणि तेरा वर्षं ते वाक्य ओठांशी येऊन माघारी जात होतं. आज चहाच्या वेळीसुद्धा गेलं.

धुकं उतरलं. कुंपणांशी माणसं उभी होती, तशीच, हात हलवत. नेस्टाही हात हलवत होती. वळण आलं, माणसं संपली. हेस्गिनचा ओटा अजून पुन्हा बांधलेला नव्हता. तिथं कुणी असायचं कारणच नव्हतं.

धुक्यात एक हात वर होता.

हलत नव्हता. नुसता वर होता.

नेस्टाचा स्वतःचा हात हवेतच राहिला. मग तिनं दोन्ही हातांनी चाकाला मिठी मारली आणि फिरवलं. डबे किंचाळले, गाडी थांबली. तिनं दार उघडलं. खाली ओलं गवत. कुणी नाही.

टेगिद खडीवरून धापा टाकत आला. "काय झालं? रूळ खचला? कुणाला लागलं?"

"हात होता."

"कुणाचा? इथं मेंढरंसुद्धा नाहीत, बाई!"

"टेगिद," ती म्हणाली, आणि आता थांबलीच नाही. "तुझ्या आईला बाबांनी नाही ठेवलं मागं. मी ठेवलं. ती टाटा करतेय असं मी म्हणाले."

टेगिद हातातल्या चिंधीनं बोटं पुसू लागला. एकेक बोट. पुसून झाली तरी पुसतच राहिला.

"मी पुढच्या डब्यात होतो," तो म्हणाला. "मामाच्या मांडीवर. सहा वर्षांचा. मला दिसली की ती."

"आणि?"

"मीही हलवला हात. सगळे हलवत होते."

नेस्टा रागानंच म्हणाली, "मग माझ्या बापाला जन्मभर शिव्या का घातल्यास रे?"

"मग कुणाला घालू? त्या सहा वर्षांच्या पोराला?" त्याचा आवाज चिरकला. "त्याला घालून बघितल्या, नेस्टा. झोप लागायची नाही. तुझा बाप उलट बोलायचा नाही, म्हणून त्याला घातल्या."

पुढच्या डब्यातून कुणीतरी विचारलं, काय खोळंबा आहे. टेगिद खाली खडीवरच उभा होता, दारातून धुकं आत येत होतं. तेवढ्यात पायरीची फळी कुरकुरली, आणि डबा त्या बाजूला जरासा कलला, माणूस चढताना कलतो तेवढाच. मग सरळ झाला.

टेगिदनं टोपी काढली. तो नेस्टाकडं बघत नव्हता, तिच्या मागच्या रिकाम्या बाकाकडं बघत होता.

"दार लावून घे," तो हळूच म्हणाला. "तिला गारठा सोसत नाही."