शिंगांखाली टांगलेली रायफल

मी रायफल बोलतेय. दचकू नका, भरलेली नाही. कित्येक वर्षांत माझ्या पोटात काडतूस गेलेलं नाही. सध्या माझा मुक्काम लाइल हाल्व्हर्सनच्या दिवाणखान्यात, शेकोटीच्या वरच्या भिंतीवर असतो. माझ्या डोक्यावर एल्कची भलीमोठी शिंगं आहेत. सांबराचा थोरला भाऊ शोभेल असं ते जनावर, आणि त्याची शिंगं म्हणजे पानगळ झालेलं झाडच. त्या शिंगांवर रोज फडकं फिरतं. माझ्यावर नाताळच्या आधी एकदा फिरतं, तेही पाहुणे यायचे असले तर.

माझा जन्म एका कारखान्यातला. त्याचं नाव सांगत नाही, फुकटची जाहिरात कशाला? अक्रोडाचा दस्ता, निळसर काळी नळी, एकदम देखणी होते मी. पण दुकानदाराने मला उभं केलं ते कुंपणाच्या तारेच्या वेटोळ्यांशेजारी. तिथून मला एनार हाल्व्हर्सनने आणलं. अमेरिकेच्या उत्तरेला, कॅनडाला लागून असलेल्या मोंटानातल्या डोंगरात झाडं तोडणारा माणूस, बोलायचा कमी. हिवाळ्याच्या तोंडाशी मला बाहेर काढायचा, घराला पुरेल असा एक एल्क आणायचा, मला पुसायचा आणि दाराआड ठेवून द्यायचा. दाराआड म्हणजे बर्फ ओढायचं फावडं आणि ओले कोट यांच्यात! माझ्यासारख्या रूपवतीला फावड्याची सोबत! तेव्हा मला त्याचा फार राग यायचा.

या घराची एक रीत होती. ज्याची एल्कची पहिली शिकार, त्याने म्हाताऱ्याची रायफल न्यायची. आणि शिकार झाली की माझ्या दस्त्यावर, मुठीजवळ, चाकूने आपलं नाव कोरायचं. माझ्या अंगावर पहिलं नाव कोरलं गेलं ते थोरल्या मुलाचं, लाइलचं. त्या नावाची हकिकत ऐकण्यासारखी आहे.

मोठं जनावर अचानक समोर आलं की भल्याभल्यांना हुडहुडी भरते. लाइलला तर अशी भरली की त्याच्या दातांचा आवाज मला ऐकू येत होता. त्याने माझा बोल्ट, म्हणजे काडतूस आत-बाहेर करणारा दांडा, मागे ओढला, पुढे ढकलला, पुन्हा मागे, पुन्हा पुढे. चाप ओढायचं मात्र राहूनच गेलं. माझ्या पोटातली काडतुसं न फुटता एकेक करून बर्फात पडली.

"बाबा, सगळ्या गोळ्या झाडल्या मी!" लाइल धापा टाकत म्हणाला. "एक तरी लागलीच असणार!"

एनारने खाली पाहिलं, वर पाहिलं. वाकून एक काडतूस उचललं, बाहीला पुसलं, माझ्यात घातलं आणि अजून बावचळून उभ्या असलेल्या त्या एल्कला आडवं केलं. मग म्हणाला, "लागली बघ तुझी."

पोराचं मन राखायला म्हातारा जन्मात एकदा खोटं बोलला. ते खोटं लाइलने असं काही पोसलं की पुढे गावातल्या प्रत्येक दारूच्या गुत्त्यात त्याला स्वतंत्र खुर्ची मिळाली. धाकटा कर्टिस मात्र बापावर गेला. त्याने पहिल्याच गोळीत एल्क पाडला आणि नाव कोरलंच नाही. "चांगला दस्ता कशाला खराब करायचा?" एवढंच म्हणाला.

एनार गेला आणि थोरला म्हणून लाइलने मला आपल्या घरी नेलं. काचेच्या कपाटात ठेवलं, आत मखमल घातली. वासाचं तेल, मऊ फडकं, नुसती चैन! मला वाटलं, आता कुठे आपली कदर झाली. लाइल पाहुण्यांसमोर मला काढायचा, डोळे पुसायचा आणि म्हणायचा, "बाबांची आठवण आहे ही. जीव देईन, पण हिला अंतर देणार नाही." मी भोळी, मला ते खरं वाटायचं.

मग एका शरद ऋतूत लाकूड कापायच्या गिरणीत ओंडका घरंगळला आणि कर्टिसच्या पायाचा चुराडा झाला. मांडीपर्यंत प्लास्टर, पगार बंद. त्याची बायको लोरेटा शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला. दुसऱ्यांच्या मुलांना पोटभर वाढायची, आणि घरी आली की स्वतःच्या मोठ्या फ्रीजरचं झाकण उघडून बघायची. आत बर्फ होता आणि मटारची एक पिशवी. आमच्याकडे हिवाळा लांब असतो. एल्क आला तरच घर निभणार होतं. तेव्हा जन्मात कधी शिकार न केलेल्या लोरेटाने स्वतःच्या नावाने परवाना काढला आणि रीतीप्रमाणे मला मागायला आली.

लाइलचा चेहरा कडू काढा प्यायल्यासारखा झाला. पण रीत म्हणजे रीत. "न्यायची तर ने, पण मी बरोबर येणार," तो म्हणाला. "डोंगरात बाईमाणसाला एकटं सोडायचं म्हणजे काय? आणि बाबांच्या रायफलला ओरखडा उठला तर?"

प्लास्टरमधला पाय खुर्चीवर ठेवून कर्टिस बायकोला म्हणाला, "जाऊ दे त्याला. ओझं वाहायला दोन खांदे मिळतील. फक्त त्याचं तोंड बंद ठेव, नाहीतर एल्क कॅनडात पोचतील."

लाइलचा स्वतःचा परवाना पलीकडच्या खोऱ्यासाठी होता, त्यामुळे इथे त्याला बंदूक चालवायची मनाई होती. ज्या कुणी तो नियम केला त्याला मी मनोमन नमस्कार केला. बाकी थाट विचारू नका! पानापानांच्या नक्षीचा कोट, गळ्यात दुर्बीण, एल्कसारखा आवाज काढायचं भोंगाट नळकांडं आणि माणसाचा वास लपावा म्हणून अंगावर शिंपडायला एल्कच्या मुताची बाटली. लोरेटाने नवऱ्याचा जुना लोकरी कोट घातला होता, वर दुसऱ्या शिकाऱ्याला माणूस ओळखू यावा म्हणून नारिंगी बंडी. गाडीत तिने सगळ्या काचा खाली घेतल्या.

"थंडी वाजतेय गं!"

"वाजू दे. तुझ्या अंगाला मुताचा वास येतोय, लाइल."

डोंगर चढताना लाइल कुजबुजत्या आवाजात अखंड शिकवत होता. वारा कसा ओळखायचा, श्वास कसा धरायचा, त्याच्या पहिल्या शिकारीत त्याचा हात कसा दगडासारखा स्थिर होता. मी पट्ट्याला लटकून ऐकत होते. तोंड असतं तर तिथेच बोलले असते.

आणि मग गंमत झाली. लाइल पोट बिघडलं म्हणून झाडामागे गेला, आणि एल्क आला. उतारावरच्या पिवळ्या गवतात तो नर शांतपणे येऊन उभा राहिला. लोरेटाने मला खांद्याला लावलं. तिचेही हात थरथरत होते, माझ्या दस्त्याला टेकलेला गाल उडत होता. "एकदाच," ती पुटपुटली, "देवा, फक्त एकदाच." मग थरथर थांबायची तिने वाट पाहिली, आणि चाप ओढला.

एल्क थोडा चालला आणि खालच्या घळीत कोसळला. लोरेटा त्याच्याजवळ जाऊन बसली, त्याच्या मानेवर हात ठेवून रडली, आणि मग नाक पुसून तिने सुरी काढली. तोवर झाडामागचा लाइल पट्टा आवळत येऊन पोचला. माझं काम झालं होतं. काम म्हणजे काय, एक आवाज! आणि तेवढ्यावर मी आयुष्यभर नाक वर करून बसले होते. खरं काम त्यानंतर सुरू झालं.

एल्क म्हणजे घोड्याएवढं धूड. सोलायचं, तुकडे करायचे, पाठीवर बांधायचे आणि घळीतून वर गाडीपर्यंत न्यायचे, मग पुन्हा खाली यायचं. अस्वलाच्या भीतीने प्रत्येक खेपेला मी लोरेटाच्या खांद्यावर होते. आमच्याकडे दुसरी एक रीत आहे: आधी मांस, शेवटी शिंगं. मांस कुजायला टाकून शिंगं नेणाऱ्याला कायदा पकडतो, आणि त्याआधी गाव थुंकतं. लाइल ही रीत सगळ्यांना शिकवायचा.

मागची एक मांडी तेवढी उरली असताना आभाळ भरून आलं. बर्फ सुरू झाला. तो पडला की वरचा रस्ता जूनपर्यंत बंद होतो. त्यातच लोरेटाच्या पाठीवरच्या, ओझं बांधायच्या चौकटीचा बंद तुटला. तिने एक क्षण विचार केला, माझा एनारच्या हातचा चामडी पट्टा सुरीने कापला आणि त्याने मांडी चौकटीला आवळली. आता वाट आडव्या पडलेल्या, निसरड्या ओंडक्यांवरून होती. तिला दोन्ही हात मोकळे हवे होते.

"लाइल, रायफल तू घे."

लाइल शिंगांत शिरून उभा होता. दोन्ही हातांनी ती डोक्यावर तोलून धरलेली. खालून पाहिलं तर दोन पायांचा एल्कच.

"माझे हात कुठे मोकळे आहेत?"

"शिंगं ठेव की खाली. ती काय खायची आहेत?"

"ठेव म्हणे! एवढी शिंगं या डोंगरात पुन्हा दिसणार नाहीत. इथे ठेवली तर साळिंदरं कुरतडून टाकतील."

"आणि बाबांची रायफल?"

लाइलने माझ्याकडे पाहिलं. मी त्याची वाट पाहत होते. मखमल आठवत होती, त्याने पुसलेले डोळे आठवत होते. "लोखंडाची आहे ती," तो म्हणाला, "तिला काय होतंय?"

आणि निघाला. मला फार लागलं ते. आजही लागतं.

लोरेटाने माझी काडतुसं काढून घेतली, गळ्यातला मफलर सोडून माझ्या नळीला गुंडाळला आणि मला एका दाट झाडाच्या बुंध्याशी, फांद्यांच्या आत टेकवलं. "घरी खाणारी तोंडं आहेत गं," ती मला म्हणाली. "बर्फ वितळला की येईन." मग ती गुडघ्यांवर, हातांवर, त्या ओझ्याखाली वर चढत गेली. ती दिसेनाशी होईपर्यंत मी पाहत राहिले.

त्या हिवाळ्यात मी गंजले. आणि एका दुपारी साळिंदर आलं. घामाचं मीठ त्यांना फार आवडतं. माझ्या मुठीजवळ पिढीजात घाम मुरलेला होता. ते चवीने बसलं आणि अक्रोड कुरतडत राहिलं. लाइलचं नाव संपूर्ण खाल्लं त्याने. बाधलं नाही म्हणजे नशीब त्याचं.

गावात इकडे लाइलची कथा तयार झाली होती. एल्क त्याने हेरला होता, "आता झाड" असं लोरेटाच्या कानात त्याने सांगितलं होतं, आणि ती वेंधळी बाबांची रायफल डोंगरात विसरली होती! हे सांगताना तो डोळे पुसायचा. लोरेटाने एका शब्दाने वाद घातला नाही. ती बरण्यांत मांस भरत होती. त्यातला चांगला मोठा वाटा तिने लाइलच्या घरीही पाठवला, आणि त्याने तो बोटं चाटत खाल्ला.

जूनमध्ये ती आली. बरोबर कर्टिस, काठी टेकत. फांद्या बाजूला करून तिने मला बाहेर काढलं, कुरतडलेल्या जागेवरून बोट फिरवलं आणि त्या डोंगरात एवढ्या मोठ्याने हसली की कर्टिसलाही हसून हसून खाली बसावं लागलं. "आता तुझं नाव कोर," तो म्हणाला. "जागा झालीय." ती म्हणाली, "राहू दे. ज्याने खाल्लं त्याचीच जागा ती."

मला दुरुस्त करावं असं तिच्या मनात होतं. पण मी सापडल्याचं कळताच लाइल धावत आला. घराण्याची ठेव! मला नेलं आणि शिंगांखाली टांगलं. कुरतडलेल्या जागेवर पितळी पट्टी ठोकलीय, तिच्यावर पुन्हा त्याचंच नाव आहे. विचारलं तर सांगतो, अस्वलाच्या पंजाची खूण आहे खाली.

परवा थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे आमच्याकडच्या सुगीच्या सणाच्या, जेवणाला सगळे जमले होते. लाइलने आपल्या नव्या जावयाला ती शिकार ऐकवली. आता त्यात दोन अस्वलं आली आहेत. जावई भला माणूस, तो टेबलाच्या टोकाला बसलेल्या लोरेटाकडे वळला. तिचे केस पांढरे झालेत.

"तुम्हीही होतात ना तिथे? तुम्हाला काय आठवतं?"

लाइलचा काटा हवेत थांबला. मी भिंतीवर श्वास धरला. बोल, म्हटलं, एकदा बोलून टाक!

लोरेटाने बटाट्याचं भांडं पुढच्याला दिलं. "आठवतं ना," ती म्हणाली. "मांस एप्रिलपर्यंत पुरलं."

कर्टिस ताटात बघत हसला. लाइलने सुटकेचा श्वास टाकून तिसरं अस्वल आणलं.

पाहुणेमंडळी, या घरी कधी आलात तर शिंगांचं कौतुक खुशाल करा, लाइलला बरं वाटतं. पण जमलं तर मला या खिळ्यावरून काढा आणि लोरेटाच्या घरी पोचवा. काचेचं कपाट नको, मखमल नको, पितळ तर नकोच. तिच्या दाराआड एक फावडं आहे आणि कर्टिसचा ओला कोट लटकत असतो. त्या दोघांच्या मध्ये मला ठेवा.