चौकटी न झेपणाऱ्यांसाठी मजकूर

पाणीपुरवठा कार्यालयाची वेबसाइट काकांनी अठरा वर्षांपूर्वी बांधली, तेव्हा पानाच्या चौकटी पाडायची मोठी फॅशन होती. ज्या ब्राउझरला त्या झेपत नसत, त्याच्यासाठी पानाच्या पोटात वेगळा मजकूर ठेवायचा. तो फक्त त्यालाच दिसे, बाकी जगाला पत्ताही लागत नसे. काकांनी लिहिलं होतं : 'आपला ब्राउझर जुना आहे. क्षमस्व.'

पुढे सगळ्यांचे ब्राउझर सुधारले. काका तेच राहिले.

बायको गेली त्या वर्षी वेबसाइटवर कोण कधी येतं याची नोंद चाळताना त्यांना दिसलं, की एक जण अजूनही तसल्या आदिम ब्राउझरने येतो. रोज, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी. इतका वक्तशीर माणूस कार्यालयात एकही नव्हता. काकांना भरून आलं. त्यांनी 'क्षमस्व' खोडून लिहिलं : 'नमस्कार. आज फार उकडतंय.' दुसऱ्या दिवशी गुडघ्याबद्दल. मग सवयच लागली. मुलीचा फोन रविवारी यायचा, पण "बाबा, जेवलात ना?" ला "हो" म्हटलं की तिचं समाधान व्हायचं. गुडघ्यापर्यंत गाडी पोचायचीच नाही.

सोमवारी नव्या मॅडमनी फर्मान काढलं. "काका, हा चौकटींचा गाळ उपसायचा. आजच."

"एक जण वाचतो, मॅडम."

"एक?"

"रोज वाचतो. तुमची परिपत्रकं रोज कोण वाचतं?"

मॅडमना हसू आलं. "बरं, खरंच कुणी अडलेला असेल तर ठेवू. शोधा त्याला."

इतके दिवस काकांनी शोधलं नव्हतं; कुणाच्या घरात असं डोकावू नये. आता माग काढला, तर पाहुणा याच इमारतीत निघाला, जिन्याखालच्या खोलीत. काका केस विंचरून खाली उतरले.

खोलीत माणूस नव्हता. धुळीने माखलेला एक संगणक घरघरत होता. त्यावर काकांच्याच अक्षरातली, पिवळी पडलेली चिठ्ठी : 'साइट चालू आहे का, हे रोज तपासतो. बंद करू नये.' बारा वर्षांपूर्वी लावला आणि विसरून गेले.

"सापडला का?" मॅडमनी विचारलं.

"सापडला. आपल्याच खात्यातला आहे."

"मग राहू द्यायचा का मजकूर?"

काकांनी चष्मा काढून पुसला.

"काढून टाकतो," ते म्हणाले. "त्याला वाचता येत नाही."