डालग्याखालची खार

मानमोडीच्या तापानं मोताळ्यात घरोघरी माणसं आडवी पाडली, त्या साली तानुबाईही कित्येक दिवस बेशुद्ध होती. शुद्धीवर आली तेव्हा गोदी, तिची एकुलती एक पोर, घरात नव्हती. नवरा कडूबा चुलीपुढं पेज ढवळत बसला होता. मान वर न करता तो म्हणाला, “गेली गोदी. तुले शुद्ध नव्हती.”

कुठं नेलं, कोणी नेलं, तानुबाईनं काहीच विचारलं नाही.

घरात उरली ती गोदीची खार. उन्हाळ्यात निंबाखाली पडलेलं ते डोळे मिटलेलं पिल्लू गोदीनं कापसाच्या वातीनं शेळीचं दूध पाजून जगवलं होतं. दिवसभर खार तिच्या खांद्यावर. तिचा एकेक आवाज पोर ओळखायची. “माय, भूक लागली का थे बारीक कुरकुरते. निजाले आली का दात वाजवते.” निंदणीहून थकून आलेली तानुबाई नुसतं हं म्हणायची. आता त्यातलं निम्मंही तिला आठवत नव्हतं.

ती उठून घरात वावरू लागली, तशी खार कुडावर चढून, शेपटी झटकत ओरडू लागली. चिर्रर्र, चिर्रर्र. तानुबाईच्या मनानं घेतलं, ही गोदीला हाका मारते. घरात दुसरं कोणी त्या पोरीचं नावही काढत नव्हतं. ही पण निघून जाईल या धास्तीनं तिनं एक दिवस दाण्याच्या लालचीनं खारीला पकडलं, अंगणातल्या कोंबड्यांच्या डालग्याखाली कोंडलं आणि वर पाटा ठेवला.

मग ती डालग्यापाशीच बसून राहू लागली. आत खार ओरडली की म्हणायची, “हाव वं माय, येईन गोदी. येईन.”

कडूबा एकदाच म्हणाला, “सोडून दे वं तिले.” तिनं असं पाहिलं, की तो पुन्हा बोलला नाही. खार स्वतःचीच शेपटी कुरतडू लागली. जमिनीवर केसांचे पुंजके पडायचे. शेपटीची पार सुतळी झाली.

शेजारची नजमुन्निसा, पिंजाऱ्याची बायको, एका दुपारी वाटीत खिचडी घेऊन आली. तिचीही दोन पोरं याच तापात गेली होती. ती डालग्याकडं पाहत राहिली.

“तानुबाई, राग नको मानू. तू पाण्याले गेली का हे चूप असते. मी भिंतीवरून पाह्यतो ना. दाणे खाते, तोंड पुसते. तू अंगणात आली का सुरू होते.”

“थे गोदीले बोलावते.”

“नाही वं. मांजर दिसली का खारी अशाच ओरडतात. थे तुले भेते.”

“तुह्ये पोरं गेले म्हणून माह्या पोरीचं तुले पाहवत नाही!” तानुबाई किंचाळली.

नजमुन्निसानं वाटी ओट्यावर ठेवली आणि ती निघून गेली.

तानुबाईनं घागर उचलली. पण विहिरीवर न जाता ती कुडाआड उभी राहिली. हळूहळू खारीचं ओरडणं थांबलं. फटीतून तिनं पाहिलं: खार दोन्ही हातांत दाणा धरून शांतपणे खात होती, गोदीच्या खांद्यावर बसून खायची तशी. तेवढ्यात तानुबाईला तापानंतर मागं राहिलेला खोकला आला. खारीच्या हातून दाणा पडला. अंग ताठ झालं. चिर्रर्र.

ती अंगणात आली, पाटा काढला, डालगं उलटं केलं. खार आधी भिंतीला चिकटून थरथरत राहिली, मग एकदम कुडावरून निंबात गेली. पुढं जगली की मेली, कोणाला कळलं नाही.

कडूबा वावरातून परतला. त्याच्यापुढं भाकरी ठेवत ती म्हणाली, “गोदीले कुठं ठेवलं?”

त्यानं घास खाली ठेवला. “नदीकाठी. जाळाले लाकडं नव्हते. मीच नेली, एकट्यानं.”

“दाखव.”

दिवस मावळायच्या आत ती दोघं नदीवर पोचली. बाभळींखाली जिकडं पाहावं तिकडं मातीचे उंचवटे, काही कुत्र्यांनी उकरलेले. कडूबा एकापाशी थांबला, मग दुसऱ्यापाशी गेला, परत आला.

“इथंच... नाही, त्या बाभळीजवळ असन.” तो मटकन खाली बसला. “मलेही ताप होता वं.”

तानुबाई खाली वाकली. जवळच्या उकरलेल्या उंचवट्यावर तिनं हातानं माती ओढली, वर दगड रचले. मग पुढच्यावर. थोड्या वेळानं कडूबाही उठला आणि नदीतून दगड आणून तिच्या हातात देऊ लागला.