रिपीटर बंद होता तेवढ्यात

आमचा रेडिओचा रिपीटर मेला तोही धड नाही, अर्धवट. डोंगरावरचं ते खोकं सगळ्यांचं ऐकायचं नीट, पण ऐकलेलं लांब फेकणारा पॉवर ॲम्प्लिफायर जळाला होता. अलीकडच्या गावात कसंबसं ऐकू यायचं, पलीकडच्या खोऱ्यात मुळीच नाही. आणि खोऱ्यात माझी आई शेवटच्या घटका मोजत होती.

दरड कोसळून रस्ता बंद, फोन बंद. उरला होता आईच्या उशाशी मीच बसवून दिलेला रेडिओ. धाकटा भाऊ त्यावरून हाका मारत होता. "ताई, आई तुझा आवाज मागतेय. बोल ना." मी बोलत होते, घसा फोडून बोलत होते. त्याला काही पोचत नव्हतं. त्यात आईला कुणी ठेवायचं यावरून आमचं वाजलेलं, मी अबोला धरलेला. शेवटी तो चिडलाच. "किती राग धरशील गं? माझ्यावर काढ, तिच्यावर नको."

उरलेला एकच नवा ॲम्प्लिफायर पिशवीत टाकला. फ्यूजकाकांना घेऊन डोंगर चढले. आमच्या हौशी रेडिओवाल्यांतले हे सगळ्यात जुने. काहीही बिघडलं की आधी फ्यूज बघा म्हणतात. आजही म्हणालेच. मी असं काही बघितलं त्यांच्याकडे, की पुढे ते गप्प चालले.

रिपीटरच्या खोलीत शिरून स्पीकर लावला. आईचाच आवाज. "आहेस का गं, बाळा?" मग नुसता श्वास. मग परत, "आहेस का?"

"वीज काढ आता," काका म्हणाले.

"वीज काढली तर हेही बंद पडेल."

"चालू विजेत बदलायला गेलीस तर नवाही जळेल. दुसरा नाही आपल्याकडे."

मला काय ते माहीत नव्हतं? झोपेत करीन मी हे काम. पण स्विचवर हात जाईना. ॲम्प्लिफायर वगळून बोलून बघितलं, पोचेना. हातातल्या सेटवरून थेट बोलावं, तर मधला कडा आडवा. शेवटी काकांनीच माझा हात धरून स्विच बंद केला. आईचा आवाज मध्येच तुटला. मी शिवी हासडली, कुणाला ते ठाऊक नाही.

जुन्याचे स्क्रू गंजून बसलेले, एकाचा तर माथाच झिजला. "अति घाई संकटात नेई," काका पुटपुटले. तोंड आवरा म्हटलं त्यांना. वडीलधाऱ्या माणसाला असं बोलू नये, पण बोलले. नव्याच्या बुडाला उष्णता ओढून घेणारी पेस्ट फासली, आवळला, आधी अँटेनाची केबल, मग वीज. काही चुकू दिलं नाही. मीटरचा काटा पार वर गेला.

"आई, मी आहे. इथेच आहे गं. तुझं सगळं ऐकलं मी."

मग भावाचा आवाज आला, अगदी हळू.

"ऐकत होतीस?"

"हो रे, केव्हाची."

"ऐकत होतीस, आणि ती गेल्यावर बोललीस."

मी बटण दाबलं. अरे, ॲम्प्लिफायर जळाला होता रे, मी ओरडून ओरडून सांगत होते, तुला पोचत नव्हतं, नवा घातला आत्ता, राजा, ऐक माझं. सांगतच राहिले. काकांनी माझं बोट बटणावरून अलगद उचललं.

"सोड गं. दाबून धरलंस तर त्याचं कसं ऐकू येईल?"

सोडलं. पलीकडे कुणी नव्हतं.