दरवाज्याचं दुसरं टोक

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे. तुम्ही म्हणाल, दरवाजा तर प्रत्येक घराला असतो, त्यात सांगण्यासारखं काय? जरा थांबा. मला चौकट नाही, बिजागऱ्या नाहीत, आणि कडीच्या जागी नुसतं भोक उरलं आहे. एका इमारतीच्या तळमजल्यावर, समोरासमोरच्या दोन घरांच्या मधल्या मोकळ्या जागेत मी भिंतीला टेकून उभा असतो. माझ्यातून कुणी आत जात नाही की बाहेर येत नाही. अशाला दरवाजा तरी म्हणावं का, असा प्रश्न मलाही पडतो. पण माझी हकीकत ऐका. कुरकुरणं हा माझा जन्मजात स्वभाव आहे, तेवढं सांभाळून घ्या.

माझं लाकूड अस्सल आहे बरं का. माझ्यावर रंधा फिरवताना सुतार म्हणाला होता, "हा मालकाला पुरून उरेल." आणि उरलो की! मी स्वयंपाकघराचा दरवाजा होतो. फोडणीचा ठसका बाहेर जाऊ द्यायचा नाही आणि बाहेरच्या पाहुण्यांना आतला पसारा दिसू द्यायचा नाही, हे माझं काम. भाडेकरू आले, गेले. कुणी मला खिळा ठोकून पिशव्या अडकवल्या, कुणाच्या पोरांनी माझ्यावर लटकून झोके घेतले. माझ्याआड किती बायकांनी डोळे पुसले, ते मी कधी कुणाला सांगितलं नाही. दरवाज्यानं तोंड बंद ठेवायचं असतं.

मग ती आली. नवरा बोटीवर नोकरीला. घरात सामान लागलं आणि पाठोपाठ बाळही आलं, तेही पोट फाडून. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, जड काही उचलायचं नाही. नवरा रजेवर होता तोवर घर कसं भरलेलं वाटायचं.

एका दुपारी नवरा बाजारात गेला होता. ती आत भांडी घासत होती. नळ धो धो चालू, कुकरच्या शिट्ट्या चालू आणि वाऱ्यानं मी धाडकन बंद झालो. पलीकडच्या खोलीत बाळ उठलं आणि रडायला लागलं. रडून रडून त्याचा आवाज बसला, तरी तिला पत्ता नाही. मला उघडून ती बाहेर आली तेव्हा पोर लालबुंद होऊन हुंदके देत होतं. त्याला छातीशी धरून ती तिथंच फरशीवर बसली आणि त्याच्याहून मोठ्यानं रडली.

दुसऱ्याच दिवशी नवऱ्यानं स्क्रू-ड्रायव्हर आणला आणि मला चौकटीतून उतरवलं. आता सांगा मित्रांनो, माझा काय दोष? बंद होणं हे तर माझं काम! इतकी वर्षं इमानेइतबारे केलं, तेव्हा कुणी शाबासकी दिली नाही. त्या दिवशी मात्र सगळं खापर माझ्या डोक्यावर. नवऱ्यानं मला बाहेर आणून भिंतीला टेकवलं, आणि चार दिवसांनी तोही बोटीवर निघून गेला.

बाहेर उभा राहिल्यावर मला तिचा दिवस नव्यानं ऐकू यायला लागला. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिच्या तोंडून निघणारे शब्द म्हणजे "आले आले", "नाही हं राजा" आणि "शूऽऽ". मोठ्या माणसाशी बोलायचं तर फक्त फोनवर. तिची आई दूर, सासू त्याहून दूर. आईला ती रोज सांगायची, "हो गं, सगळं मजेत चाललंय. तू काळजी करू नकोस." फोन बंद झाला की बराच वेळ घरातून काही आवाज यायचा नाही.

बाहेर पडावं असं तिला फार वाटायचं. बाबागाडी होती, पण इमारतीच्या दाराला तीन पायऱ्या होत्या. गंमत बघा, लिफ्ट पार सहाव्या मजल्यापर्यंत जाते, पण लिफ्टपर्यंत पोचायला तीन पायऱ्या चढाव्या लागतात. हे डोकं कुणाचं, देव जाणे! गाडी उचलायची तिला मनाई आणि बाळाला कडेवर घेऊन दवाखान्यापर्यंत चालण्याइतकं अंगात बळ नाही. ती गाडी ढकलत पायऱ्यांपाशी यायची, रस्त्याकडे बघत थोडी उभी राहायची आणि परत फिरायची. "पाहिलंस ना बाहेर? झालं आपलं फिरून," असं बाळाला म्हणायची. ते ऐकून माझ्या जुन्या लाकडालाही कसंतरी व्हायचं.

असंच एकदा परत फिरताना तिची नजर माझ्यावर पडली. तिनं माझ्याकडे बघितलं, पायऱ्यांकडे बघितलं आणि पदर, ओढणी काय असेल ते खोचून मला ओढायला लागली. उचलायला मनाई होती, ओढायला नव्हती! मी काय कमी जड आहे? फरशीवर असा खरखराट झाला की समोरच्या घराचं दार फाडकन उघडलं.

समोर कंडक्टरकाका राहायचे. बसमधली नोकरी संपून त्यांना बरीच वर्षं झाली होती. काकू वारल्यापासून एकटेच; दार उघडलं की काकूंची रिकामी खुर्ची दिसायची. दुपारची झोप मोडल्यामुळे त्यांचा पारा चढला होता.

"काय गं, घर उचलून चाललीस की काय?"

"नाही काका," ती धापा टाकत म्हणाली, "नुसता दरवाजा."

काकांनी तिला बघितलं, गाडीतल्या बाळाला बघितलं, तीन पायऱ्या बघितल्या. मग पुढे येऊन माझं दुसरं टोक धरलं. "हं, चला, पुढे सरका! आत जागा आहे!" असं जन्मभराच्या सवयीनं ओरडले आणि दोघांनी मिळून मला पायऱ्यांवर आडवा टाकला. माझ्यावरून बाबागाडी घरंगळत रस्त्यावर उतरली. काकांनी तोंडानंच दोनदा घंटी वाजवली. "टिंग टिंग! सुटली गाडी."

"दोनदा का?" तिनं विचारलं.

"दोनदा म्हणजे चला. एकदा म्हणजे थांबा. एवढंही माहीत नाही? आणि हे हाफ तिकीट, याचे पैसे कोण देणार?"

ती हसली. त्या घरात आल्यापासून ती इतकी मोकळी हसलेली मी तरी ऐकली नव्हती.

मित्रांनो, तिथून माझे सोन्याचे दिवस सुरू झाले. रोज ती काकांची बेल वाजवायची. दोघं मला ओढत न्यायचे, टाकायचे, परत आणायचे; उचलायची वेळ आली की भार काकांवर. घसरू नये म्हणून काकांनी माझ्या पाठीवर लाकडी पट्ट्या ठोकल्या. ठोकताना मला दुखलं, पण खोटं कशाला बोलू, मिरवावंसंही वाटलं. इमारतीतले बाकीचे लोकही माझ्यावरून जायला लागले. पाण्याच्या बाटल्या आणणारा ढकलगाडीसकट जायचा. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई, दोन्ही गुडघ्यांना पट्टे बांधलेल्या, जपून जपून चढायच्या. सगळे म्हणायचे, "वा, काय छान सोय केलीत!" उचलायच्या वेळी मात्र एकजण दिसेल तर शपथ.

परत आली की ती काकांना सगळा वृत्तांत द्यायची. आता तिला शहरात पायऱ्याच दिसायला लागल्या होत्या. पोस्टाला पायऱ्या, वाचनालयाला पायऱ्या. दवाखान्याला तर पाच! तिथं तिनं मोठ्या नर्सबाईंशी वाद घातला. स्ट्रेचर न्यायला मागं उताराचा रस्ता आहे, त्याला कुलूप का? तिथं लस टोचायला तान्ही मुलंच येतात ना? शेवटी ते कुलूप निघालं. हे सांगताना तिचे डोळे चमकत होते.

"आता इथला नंबर," ती म्हणाली. "आपल्या दाराला पक्का उतार झाला पाहिजे काका. तुम्हाला तरी किती दिवस त्रास देऊ?"

मी जवळच उभा होतो, म्हणून मला दिसलं. एरवी हजरजबाबी माणूस, पण तेव्हा चष्मा काढून पुसत बसले.

इमारतीची मीटिंग तळमजल्यावरच भरली, अगदी माझ्या नाकासमोर. ती बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. चेअरमन समजावणीच्या सुरात म्हणाले, "अहो बाई, वर्षभरात तुमचं बाळ धावायला लागेल. मग उतार कुणाला? आमच्या आयांनी काय गाड्यांतून वाढवलं आम्हाला?" दोन-चार जण हसले.

बाळाला कडेवर घेऊन ती उठली. "बाळ चालायला लागेल हे खरं आहे. पण आपण सगळे कधी ना कधी चालायचे थांबणार आहोत. मी माझ्यासाठी एकच वर्ष मागतेय. बाकीची सगळी वर्षं तुमच्यासाठी मागतेय."

कुणी हसलं नाही. गुडघ्यांना पट्टे बांधलेल्या बाईंनी हात वर केला. मग आणखी एक हात, मग आणखी चार. उतार मंजूर झाला. तिनं आनंदानं मागं वळून काकांकडे बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. काकांचे दोन्ही हात त्यांच्या मांडीवरच होते.

मीटिंग पांगल्यावर ती त्यांच्यापाशी आली. "काका, सगळ्यांत आधी तुमचा हात वर जाईल असं वाटलं होतं मला."

काका म्हणाले, "झालं ना काम तुझं? मग झालं," आणि आत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं.

त्यानंतर तिनं त्यांची बेल वाजवली नाही. गवंड्याचं काम संपेपर्यंत ती घरातच बसून राहिली. उतार मात्र देखणा झाला, बाजूला कठडा, पाय घसरू नये म्हणून वर रेघा. ती एकटी गाडी घेऊन बाहेर पडायची आणि एकटी परत यायची. कुणी अडवत नव्हतं, कुणाला हाक मारावी लागत नव्हती. दवाखान्यात काय झालं, वाचनालयाचे लोक काय म्हणाले, हे सांगायला कुणी नव्हतं. परत येताना तिची पावलं काकांच्या दारापाशी जरा रेंगाळायची. काकांच्या दाराआडही चपला वाजायच्या, अगदी उंबऱ्यापर्यंत यायच्या आणि परत जायच्या. मधे मी उभा. दोन्हीकडचं ऐकू यायचं मला, पण सांगणार कसं? आणि माझं म्हणाल, तर गरज सरो, वैद्य मरो! पट्ट्यांवर धूळ बसली. बाळ तेवढं कठड्याला धरून उभं राहायला शिकलं.

एक दिवस चेअरमन माझ्यावर बोट ठेवून म्हणाले, "आता ही अडगळ हलवा बरं." तिनं जुनं लाकूड घेणाऱ्याला बोलावलं. तो एकटाच आला. मला उचलून बघितलं आणि म्हणाला, "बाई, एका माणसाचं काम नाही हे." तिच्या कडेवर बाळ होतं. ती काही म्हणायच्या आत त्यानं समोरची बेल वाजवली.

काका बाहेर आले. दाढी वाढली होती. त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही. खाली वाकून माझं दुसरं टोक धरलं, आपलं नेहमीचं, आणि पुटपुटले, "चला. पुढे सरका." आम्ही नव्या उतारापर्यंत पोचलो. माझं पुढचं टोक उताराला लागलं आणि काका जागच्या जागी थांबले.

"टिंग," ते म्हणाले. एकदाच.

लाकूडवाल्याला काही कळेना. "ओ, या की पुढे!"

पण तिला कळलं होतं. ती म्हणाली, "काय झालं काका?"

काका माझ्याकडे बघत बोलले. "हा गेला तर तू माझी बेल कशासाठी वाजवशील?"

तिनं बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं. मग ती हळूच म्हणाली, "म्हणून हात वर केला नाहीत?"

"मला समजत नव्हतं असं नाही, पोरी. उतार हवाच होता. पण दिवसात तेवढी एकच बेल वाजायची माझ्या घरी."

तिचे डोळे भरून आले आणि ती चक्क चिडली. "मग तुम्ही वाजवायची ना माझी! मी रोज ऐकत होते तुमच्या चपला!"

"वाजवून काम काय सांगणार होतो?"

"आधी माझ्या कामाचं सांगा," लाकूडवाला घामाघूम होऊन म्हणाला. "हा नेऊ की ठेवू?"

"ठेवा," दोघंही एकदमच म्हणाले.

तेव्हापासून मी इथंच आहे. तिचा नवरा अजून पाण्यावर आहे, आई अजून दूर आहे, आणि ती फोनवर अजून मजेत असल्याचं सांगते. काकूंची खुर्ची रिकामी ती रिकामीच. माझ्यासारख्या लाकडानं ते दुःख थोडंच हटतं? पण अधूनमधून समोरची बेल वाजते. कधी काका म्हणतात, "जरा दरवाजा हलवायचा होता." कधी ती म्हणते, "काका, याला त्या भिंतीला लावू या का?" मग दोघं दोन टोकं धरून मला या भिंतीवरून त्या भिंतीला नेतात. पुढच्या वेळी परत या भिंतीला. बाळ मधे लुटुलुटु चालत "टिं टिं" करतं. मला हलवायचं कारण काही नसतं, हे दोघांनाही ठाऊक आहे आणि मलाही. चेअरमन म्हणतात, या लोकांना वेड लागलंय.

मित्रांनो, उतार जरूर बांधा. जिथं जिथं पायऱ्या आहेत तिथं बांधा, त्यासाठी मीटिंगमध्ये उठून उभे राहा. पण तुमच्या समोरच्या दारापर्यंत चपला येऊन परत फिरत असतील, तर त्यांच्याकडे काम निघायची वाट बघू नका. जा आणि बेल वाजवा. काय म्हणून विचारलं, तर दरवाजा हलवायचाय म्हणून सांगा.